ठिणगीची किंमत कोणी मोजावयाची?

उन्हाळी सुटी लागली की आपल्या महाविद्यालयांच्या आणि विद्यापीठांच्या आवारांत वर्ग ओस पडतात व दुरुस्तीची कामे सुरू होतात. कोठे खिडक्यांच्या लोखंडी जाळ्या वेल्डिंगने जोडल्या जातात, कोठे गंजलेले नळ गॅसच्या ज्योतीने कापले जातात, तर कोठे पावसाळ्यापूर्वी गच्चीवर डांबरी थर बर्नरने तापवून बसविला जातो. परीक्षा आटोपलेल्या असतात, वर्दळ नसते. म्हणून हा काळ सोयीचा मानला जातो. परंतु ज्या शुकशुकाटामुळे तो सोयीचा ठरतो, त्याच शुकशुकाटामुळे तो धोक्याचाही ठरतो. धूर पाहून ओरडा करणारे कोणी त्या मजल्यावर उरलेलेच नसते.

अभियंते अशा कामांना ‘हॉट वर्क’ म्हणतात. त्यांतील धोका डोळ्यांसमोर भडकणाऱ्या ज्वालेचा नाही, तो उडून नजरेआड गेलेल्या ठिणगीचा आहे. वेल्डिंगचा तप्त कण कित्येक फूट दूर उडतो, भिंतीच्या फटीतून वा नळाभोवतीच्या भोकातून खालच्या मजल्यावर उतरतो आणि भुशात, चिंध्यांत किंवा कागदांच्या गठ्ठ्यात धुमसत राहतो. कामगार सामान आवरून घरी जातो आणि आग त्यानंतर पेट घेते. म्हणूनच या विषयावरील प्रचलित अमेरिकी मानक कामाभोवती सुमारे अकरा मीटरपर्यंतच्या जळाऊ वस्तू हलविण्यास वा झाकण्यास सांगते आणि काम संपल्यावरही किमान एक तास पहारा ठेवावयास लावते. आपल्याकडेही वेल्डिंग व धातू कापण्याच्या कामांतील अग्निदक्षतेविषयी ‘आय. एस. ३०१६’ हे भारतीय मानक कित्येक दशकांपासून आहे. तेव्हा उणीव ज्ञानाची नाही.

हे भय काल्पनिक नव्हे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या आवारात ‘ओल्ड कॅपिटॉल’ ही एकोणिसाव्या शतकातील वास्तू आहे. २० नोव्हेंबर २००१ रोजी तिच्या दुरुस्तीसाठी कामगार उघडी ज्योत आणि उष्ण हवेची यंत्रे वापरीत असताना तिचा सोनेरी घुमट जळून गेला. आग विझविण्यासाठी मारलेल्या पाण्याने खालच्या दालनांचीही हानी झाली आणि ती वास्तू पुन्हा खुली होण्यास २००६ साल उजाडले. जर्मनीत ड्यूसेलडॉर्फच्या विमानतळावर ११ एप्रिल १९९६ रोजी वरच्या रस्त्याच्या सांध्याचे वेल्डिंग चालू असताना खालच्या छतातील उष्णतारोधक थर पेटला आणि सतरा माणसे प्राणास मुकली. आपल्या शेजारी राजकोटमध्ये २५ मे २०२४ रोजी, ऐन सुटीत, मुलांच्या गर्दीने भरलेले एक क्रीडाकेंद्र भस्मसात झाले. वेल्डिंगच्या ठिणग्या खाली पडत असल्याचे चित्रफितींत दिसले. पंचविसांहून अधिक जीव गेले.

प्रश्न उरतो तो असा की, नियम ठाऊक असूनही ते पाळले का जात नाहीत? बेफिकिरी हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे आहे. खरे कारण हिशेबात आहे. ठिणगीवर पहारा देणाऱ्या माणसाची मजुरी ठेकेदाराच्या खिशातून जाते. आग लागल्यास होणारे बहुतेक नुकसान मात्र संस्थेचे, विद्यार्थ्यांचे आणि त्या गरीब कामगाराचे होते. ज्याचा खर्च एकाने करावयाचा आणि ज्याचा लाभ दुसऱ्यांना मिळावयाचा, ती गोष्ट बाजार आपण होऊन पुरवीत नाही, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक धडा आहे. त्यात आपण सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारतो. जो ठेकेदार पहारेकऱ्याचा खर्च प्रामाणिकपणे धरील त्याचा दर चढा ठरतो आणि काम दुसऱ्याला जाते. म्हणजे दक्षतेला आपण दंड करतो आणि निष्काळजीपणाला बक्षीस देतो. अशा व्यवस्थेत ठेकेदाराला उपदेश करून काय साधणार?

उपायही हिशेबातच शोधला पाहिजे. पहारा, अग्निशामक नळकांडी आणि झाकावयाची जाड आच्छादने यांचा खर्च निविदेत स्वतंत्र बाब म्हणून संस्थेनेच ठरवून द्यावा. तो सर्वांना समान असावा व त्यात घासाघीस नसावी. काम सुरू होण्यापूर्वी एका दिवसापुरते, एका जागेपुरते लेखी परवानापत्र द्यावे आणि त्यावरील सही जागेवर जाऊन, वरचा-खालचा मजला पाहून केलेली असावी. टेबलावरील सह्यांची आपल्याकडे वाण नाही. धूळ जाते म्हणून धूरसूचक यंत्रे झाकली असतील तर त्याची नोंद व्हावी आणि ती त्याच संध्याकाळी उघडली जावीत. पहारेकऱ्याला दुसरे काम सांगू नये व काम थांबविण्याचा अधिकार त्याला असावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, परवानापत्राची प्रत जोडल्याखेरीज लेखाशाखेने देयक मंजूर करू नये. जे दहा परिपत्रकांनी होत नाही, ते एका अडवलेल्या देयकाने होते, हे कार्यालयात काम करणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे.

यावर दोन आक्षेप येतील. एक, आमच्याकडे आगीचा दाखला आहेच. महाराष्ट्राच्या २००६ च्या अधिनियमानुसार अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारीत व जुलैत द्यावे लागते, हे खरे. पण ते बसविलेल्या यंत्रणेविषयी असते. मे महिन्यात गच्चीवर चाललेल्या बर्नरविषयी ते काही सांगत नाही. केवळ त्याच्यावर विसंबणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. दुसरा आक्षेप खर्चाचा व दिरंगाईचा. एका माणसाची मजुरी आणि दिवसाचा एक तास, एवढाच हा भार आहे. इमारतीची भरपाई विमा कंपनी देईल. ग्रंथालयातील दुर्मीळ पोथ्या, प्रयोगशाळेतील वर्षानुवर्षांचे नमुने आणि कोणाच्या घरचा कर्ता माणूस कोणती कंपनी परत देणार आहे?

विद्यार्थ्यांना आपण खर्च आणि मूल्य यांतील भेद शिकवितो. तो भेद संस्थेच्या निविदेतही उमटावयास हवा, आणि तोही पहिली ज्योत पेटण्यापूर्वी.