भाड्याच्या खोलीलाही धड ओटा हवा

दर्यापूर-बनोशात खोली भाड्यानं द्यायची असली की मालक नळाचं पाणी सांगतो, विजेचं मीटर वेगळं आहे हे सांगतो, गाडी ठेवायची जागा दाखवतो. ओट्याबद्दल तो बोलत नाही आणि भाडेकरूही विचारत नाही. बिऱ्हाड लागलं की मात्र घरातल्या बाईची सकाळ-संध्याकाळ त्या ओट्यापाशीच जाते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. बदलीच्या गावी भाड्याच्या खोल्यांत संसार केला आणि आता घरामागच्या दोन खोल्या भाड्यानं देते. दोन्ही बाजू पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. भाड्याच्या खोलीतला ओटा लहान असू द्या, साधा असू द्या, पण त्यावर दगड चांगला घाला. शेवटी तोच स्वस्त पडतो.

माझ्या खोल्यांचं काम निघालं तेव्हा मिस्त्री म्हणाला, "मॅडम, भाड्याच्या खोलीले ग्रॅनाइट कायले पायजे? कडप्पा टाकून देऊ." माझा पैसा वाचावा म्हणूनच तो बोलला. पण हिशेब मांडून पाहा. अशा खोलीतला ओटा फार तर सहा फूट लांब आणि दोन फूट रुंद, म्हणजे बारा चौरस फूट. कडप्पा आणि साधा ग्रॅनाइट यांच्या भावात चौरस फुटामागे शंभर रुपयांचा फरक धरला, तरी एकूण फरक बाराशे रुपयांचा. खालच्या उभ्या फरश्या, वाळू-सिमेंट, सिंक, नळजोडणी, मिस्त्रीची मजुरी हे सगळं दगड कुठलाही घेतला तरी लागतंच. ग्रॅनाइटची कड घासून गोल करायला थोडे जास्त पडतात, इतकंच. गाडीभाड्यातही मोठी बचत नाही. पूर्णेच्या खोऱ्यात खाली खोलवर गाळ आहे, फरशीचा दगड इथला नाहीच. कडप्पा आंध्रातून येतो, कोटा राजस्थानातून, ग्रॅनाइट कर्नाटक, तेलंगण, राजस्थानातून.

कडप्पा दगड वाईट नाही. ओट्याखालच्या उभ्या फरश्या, भांड्यांचे कप्पे, मोरीचा कठडा यांना तो उत्तम. पण कडप्पा काय, कोटा काय, दोन्ही चुनखडीचे दगड. चिंच, लिंबू, कैरी यांच्या आंबटानं ते खाल्ले जातात. आपला सयपाक आंबटाशिवाय होत नाही. वरणावर लिंबू पिळलं, फोड तशीच ओट्यावर राहिली की सकाळी तिथं फिकट, खरखरीत डाग दिसतो आणि तो कितीही घासला तरी जात नाही. खोली सोडताना त्याच डागांवरून मालक डिपॉझिटमधून पैसे कापतो. दगड त्याचा, निवडही त्याचीच, आणि भुर्दंड भाडेकरूला. हे मला अन्यायाचं वाटतं.

घेण्याआधी दगड पारखणं सोपं आहे. दुकानातून एक तुकडा मागून आणावा आणि त्यावर लिंबाचा रस टाकून अर्धा तास ठेवावा. चकाकी गेली तर तो ओट्याच्या कामाचा नाही. अगदी काळाकुळीत ग्रॅनाइट स्वस्त मिळत असेल, तर पांढरं फडकं थिनरमध्ये भिजवून दगडावर घासावं. फडकं काळं झालं तर दगडाला रंग चोपडला आहे.

खरी बचत तुकड्यांत आहे. मोठ्या घरांचे ओटे आणि जिने कापून झाले की ग्रॅनाइटवाल्यांकडे चार-पाच फुटांचे तुकडे उरतात. बंगल्याच्या लांबलचक ओट्याला ते निरुपयोगी, भाड्याच्या खोलीला पुरेसे. अमरावतीला किंवा अकोल्याला गेलं की अखंड लादीचा भाव विचारण्याआधी "कटपीस दाखवा" म्हणावं. दोन तुकडे जोडायचे असतील तर रंग जुळतो का ते पाहावं आणि सांधा उभ्या फरशीच्या बरोबर डोक्यावर घ्यावा. सिंकपाशी सांधा कधीही घेऊ नये. सिंकच्या पुढची अरुंद पट्टी हीच ग्रॅनाइटची सगळ्यात कमजोर जागा. तिथं खालून आधार नसला आणि वर खलबत्ता वाजला की ती तडकते.

आपल्या खारपाणपट्ट्याचे आणखी दोन त्रास आहेत. पहिला पाण्याचा. शहानूर धरणाचं पाणी पिण्यापुरतं भरून ठेवायचं आणि धुण्या-भांड्याला बोअरचं वापरायचं, असं अनेक घरांत चालतं. बोअरच्या खाऱ्या पाण्याचा थेंब काळ्या दगडावर वाळला की पांढरा ठिपका उरतो. म्हणून काळ्यापेक्षा करडा किंवा तपकिरी ठिपक्यांचा दगड घ्यावा. विटांच्या पायांना लोणा लागतो, तेव्हा आधाराला कडप्प्याच्या उभ्या फरश्याच बऱ्या. दुसरा त्रास मातीचा. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि ओटा व भिंत यांच्यात फट पडते. पाणी त्यात मुरतं, झुरळं होतात. तिथं सिमेंट भरलं तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा चीर पडते. सिलिकॉन भरावं, ते ताण सोसतं.

उंचीला तर पैसाही लागत नाही, फक्त विचारावं लागतं. ओटा किती उंच हवा हे मिस्त्री ठरवतो, आणि भाकर थापणारी बाई वेगळीच असते. शेगडी ठेवली की चार-पाच इंच आणखी चढतात, हे मापात धरलेलं नसतं. भाकर थापायला वरून जोर लागतो. ओटा कोपराच्या खाली चांगला वीतभर नसेल तर खांदे भरून येतात, फार खाली असेल तर कंबर जाते. मी बत्तीस इंच ठेवला आणि त्याआधी घरातल्या बायकांना तिथं उभं करून पाहिलं. काही खोल्यांत ओटाच नसतो. मग शेगडी जमिनीवर आणि सिलिंडर तिच्याहून उंच. शेगडी सिलिंडरच्या वर असावी हा सुरक्षेचा साधा नियम आहे, आणि ओटा नाकारणारा मालक तो भाडेकरूला मोडायला लावतो.

दगड कापणाऱ्या पोरालाही या हिशेबात धरलं पाहिजे. ग्रॅनाइटमध्ये सिलिका असते, तिची धूळ फुप्फुसात बसते. कारखान्यात बनवलेल्या क्वार्ट्झच्या लाद्यांत तर ती फारच जास्त. कामगारांना होणाऱ्या सिलिकोसिसमुळे ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडावर बंदी आणली. आपल्या दारात पोरगा तोंडाला नुसता रुमाल बांधून कोरडा दगड कापतो. पाणी सोडून कापायला सांगणं आणि मास्क आणून देणं हे काम देणाऱ्याचं कर्तव्य आहे. भाव करताना त्याच्या श्वासावर बचत करू नये.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ नं जागा दुरुस्त ठेवायची जबाबदारी मालकावर टाकली आहे. पण कायदा दाखवायची वेळ येऊच नये. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्याआधी पोरांच्या शिक्षणासाठी खेड्यांतून माणसं खोल्या शोधायला येतात. मालकांना माझं सांगणं आहे, ती येण्याआधी भिंतींना रंग देता, तेव्हा ओट्यालाही हात लावा. आणि खोली पाहायला येणाऱ्या कुटुंबांनी भाडं विचारण्याआधी घरातल्या बाईला ओट्यापाशी उभं राहू द्यावं. तिला तो पटला नाही तर तसं मालकाला तोंडावर सांगावं. दहा कुटुंबांनी असं सांगितलं की अकराव्याला चांगला ओटा मिळेल.