लोणारजवळ!

पुण्यात आम्ही वऱ्हाडकडची मंडळी चहाला जमलो, की पहिला तास थट्टेतच जातो. भरताचं वांगं तुराट्यांवर भाजावं की पऱ्हाट्यांवर, यावर हमरीतुमरी होते. घरी जाऊन सगळे भाजतात ते गॅसवरच!

आमचे एक स्नेही बुलढाणा जिल्ह्यातल्या सुलतानपूरचे. कोणी गाव विचारलं, की ‘लोणारजवळ’ म्हणून मोकळे होत. २०२० च्या जूनमध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा आम्ही त्यांचं नाव ‘गुलाबराव’ ठेवलं. तेही हसले.

परवा त्यांच्या नातवानं सहज विचारलं, “आजोबा, आपण लोणारचे ना?” गृहस्थ एकदम गप्प झाले. मग म्हणाले, “नाही रे बाबू, आपलं गाव सुलतानपूर हाय.” इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ते नाव आम्ही प्रथमच ऐकलं. पोरानं ते दोनदा घोकलं.

थट्टा पुन्हा सुरू झाली. पण गुलाबराव मागं पडले. आता आम्ही त्यांना ‘सुलतान’ म्हणतो. या दिवाळीत, वाचकहो, आपल्या मुलांना एवढंच विचारा : आपलं गाव कोणतं?