कोळसा कुठे मिळतो?

मैत्रिणींनो, चाचणी परीक्षा जवळ आली की आपण पोळ्या लाटता लाटता मुलांचा भूगोल पाठ करून घेतो, होय ना? "दगडी कोळसा?" "चंद्रपूर!" "मँगनीज?" "भंडारा, नागपूर!" मुलं धडाधड सांगतात आणि आपल्याला धन्य वाटतं. मीही तेच करीत असे.

मागच्या वर्षी माझ्या चौथीच्या वर्गात चंद्रपूरकडची एक मुलगी आली. मामाकडे शिकायला राहिलेली. वडील तिकडे खाणीत. कोळसा कुठे मिळतो विचारल्यावर ती म्हणाली, "आमच्या घराखाली." वर्ग हसला आणि, सांगायला लाज वाटते, मीही हसले. पोर मान खाली घालून बसली. संध्याकाळी भाजी निवडताना मनात आलं, साऱ्या वर्गात कोळसा पाहिलेली ती एकटीच की!

दुसऱ्या दिवशी तिलाच नकाशापाशी उभी केली. सुरुंग उडाला की मांडणीवरची भांडी कशी वाजतात, दोरीवरचे कपडे कसे काळे पडतात, सगळं तिने सांगितलं. मग मी सांगितलं, की चंद्रपूरच्या वीज केंद्रात कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात, वाफेने चक्रं फिरतात आणि वीज तयार होते. सगळी मुलं वर पंख्याकडे बघू लागली!

नद्यांसाठी मात्र घरीच एक गंमत करा. जुन्या ताटात चिकणमातीचा महाराष्ट्र थापा. (कणीक घेऊ नका, पाण्याने लगदा होतो, शिवाय अन्नाची नासाडी.) पश्चिमेला कोकणाची बोटभर पट्टी सोडून सह्याद्रीचा उंच बांध घाला आणि तिथून पूर्वेकडे हलका उतार द्या. आता बांधावर चमच्याने पाणी सोडा. थोडं झरकन कोकणात उतरेल, बाकीचं सावकाश पूर्वेला जाईल. त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी जवळचा अरबी समुद्र सोडून थेट बंगालच्या उपसागराला का जाते, हे मग मुलांनाच विचारा. कोयनाही खरं तर पूर्वेकडचीच, कृष्णेला मिळणारी. पण तिचं धरणातलं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला खाली सोडून पोफळीला वीज करतात. बांधाला काडीने भोक पाडून हेही दाखवा. ओटा चिखलाने भरेल, तेवढं सोसा!

सहामाहीच्या पेपरात त्या मुलीने 'चंद्रपूर' असं लिहिलं होतं आणि पुढे कंसात 'आमचं घर'. मी पूर्ण गुण दिले.