अमेरिकेत जज लोक निवडून देतात, मग एकाच काउंटीत ते नेमायचा कायदा का आणला?

आपल्याकडं न्यायाधीश व्हायचं तर एमपीएससीची परीक्षा द्या, मुलाखत द्या, मग नेमणूक. जिल्हा न्यायाधीशांच्या नेमणुकीत हायकोर्टाचा शब्द महत्त्वाचा. मतदान यंत्रावर जजचं नाव असू शकतं, ही कल्पनाच आपल्याला विचित्र वाटते. पण अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत असंच चालतं. मिसिसिपी त्यातलंच एक. तिथं सर्किट कोर्टाचे, म्हणजे साधारण आपल्या सेशन्स कोर्टाच्या पातळीवरचे, जज दर चार वर्षांनी लोक निवडतात.

2023 मध्ये याच राज्यात एक कायदा झाला, हाऊस बिल 1020. त्यात म्हटलं होतं की हाइंड्स काउंटीच्या सर्किट कोर्टात चार जादा जज बसतील आणि ते 2026 च्या अखेरपर्यंत राहतील. निवडून नाही, तर राज्याच्या सुप्रीम कोर्टाचे चीफ जस्टिस नेमतील ते. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी. अशा 82 काउंट्या मिसिसिपीत आहेत, आणि ही सोय फक्त हाइंड्सला.

हाइंड्समध्ये राज्याची राजधानी जॅक्सन येते. लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास, त्यातले 80 टक्क्यांहून जास्त कृष्णवर्णीय. विधिमंडळात बहुमत श्वेतवर्णीयांचं. बिलावर सही करणारे गव्हर्नर टेट रीव्हज आणि जज नेमणारे चीफ जस्टिस मायकल रँडॉल्फ, दोघंही श्वेतवर्णीय. त्यात रँडॉल्फ स्वतः राज्याच्या दक्षिण भागातून निवडून आलेले, म्हणजे जॅक्सनच्या मतदाराला त्यांनाही मत द्यायची संधी नव्हती. जॅक्सनच्या तेव्हाच्या महापौरांनी या बिलाची तुलना थेट वर्णभेदाच्या राजवटीशी केली. राग समजून घ्यायचा तर एक गोष्ट लक्षात ठेवा. मिसिसिपीची राज्यघटना 1890 ची, आणि ती लिहिताना कृष्णवर्णीयांचं मत काढून घेणं हाच हेतू होता. ते मत खऱ्या अर्थानं परत मिळालं 1965 च्या मतदान हक्क कायद्यानंतर. तिथल्या माणसासाठी जज निवडणं ही उपचाराची गोष्ट नाही.

आता सरकारची बाजू. ती अगदीच पोकळ नव्हती. जॅक्सनमधलं खुनांचं प्रमाण देशातल्या सगळ्यात वाईट शहरांच्या रांगेत होतं. खटले तुंबले होते, आरोपी सुनावणीची वाट बघत तुरुंगात पडून होते. याच तुंबलेल्या खटल्यांसाठी रँडॉल्फ यांनी 2022 मध्ये चार तात्पुरते जज दिलेही होते, जुन्या कायद्यातल्या अडीअडचणीच्या अधिकाराखाली. तेव्हा एवढी बोंब झाली नव्हती. मग जज कमी पडत असतील तर निवडून यायच्या जागाच वाढवा, असं विरोधक म्हणत होते. त्यावर पटेल असं उत्तर सत्ताधाऱ्यांकडून आलं नाही.

सप्टेंबर 2023 मध्ये मिसिसिपीच्या सुप्रीम कोर्टानं हे चार जज रद्द केले. कारण सरळ होतं. राज्यघटनेच्या कलम 153 नुसार सर्किट जज लोकांनी निवडायचे. अडचणीच्या वेळी तात्पुरता जज देणं चालतं, पण ठराविक अडचण न दाखवता वर्षानुवर्षं बसवलेल्या जजला तात्पुरता म्हणता येत नाही.

बातम्यांत 'कायदा रद्द' असं झळकलं. पण अर्धाच रद्द झाला होता.

याच कायद्यात आणखी एक कोर्ट होतं. विधानभवनाच्या आसपासच्या भागासाठी 2017 मध्ये एक खास जिल्हा केला होता, मूळ हेतू रस्ते आणि गटारं दुरुस्त करायला पैसे मिळावेत हा. 2023 ला त्याची हद्द वाढवली, त्यात शहरातल्या श्रीमंत वस्त्या आल्या, आणि त्याला स्वतःचं कोर्ट दिलं. जज नेमणार चीफ जस्टिस, सरकारी वकील नेमणार राज्याचे ॲटर्नी जनरल. कनिष्ठ कोर्टं काढायची मुभा घटनेनं विधिमंडळाला दिली आहे, म्हणून सुप्रीम कोर्टानं हे कोर्ट कायम ठेवलं. नागरी हक्क संघटना एनएएसीपी फेडरल कोर्टात गेली. जानेवारी 2024 मध्ये अपील कोर्टानं स्थगिती नाकारली. दावा लावायचा अधिकारच तुम्हाला दिसत नाही, असं कारण दिलं.

आमच्या मते खरा प्रश्न इथं आहे. सर्किट कोर्टाची पायरी सामान्य माणूस क्वचित चढतो. वाहतुकीचा दंड, दुकानातली भुरटी चोरी, भांडण, अटकेनंतरची पहिली हजेरी, हे सगळं खालच्या कोर्टात होतं. आणि या कोर्टात किरकोळ गुन्ह्यात शिक्षा झाली तर माणसाला राज्याच्या तुरुंगात ठेवता येतं, एरवी असे कैदी काउंटीच्या जेलमध्ये असतात.

गंमत म्हणजे जॅक्सनच्या नगर न्यायालयाचे जजही नेमलेलेच असतात. पण त्यांना नेमतात शहराचे निवडून आलेले लोक. नेमणूक पटली नाही तर पुढच्या निवडणुकीत त्यांना जाब विचारता येतो. नव्या कोर्टाच्या बाबतीत शहरातल्या मतदाराच्या हातात असा दोर नाही.

2023 च्या कायद्यानं या कोर्टाला 1 जुलै 2027 पर्यंतची मुदत दिली आहे. ती वाढवायची की नाही, हे ठरवणार तेच विधिमंडळ.