पंप ओढायला कोण शिकवणार?

मृग लागला की दमेकरी हैदराबादला माशाचं औषध घ्यायला निघतात. श्रद्धेवर आम्ही बोलत नाही. पण डॉक्टरांनी दिलेला पंप 'सवय लागते' म्हणून कोनाड्यात पडतो, हे बघवत नाही. सवय-बिवय काही लागत नाही. अडचण ओढण्याची आहे. फवाऱ्याचा पंप दाबताना श्वास सावकाश ओढायचा, कॅप्सूलचा असेल तर जोरात. मग दहा अंक मोजेतो रोखायचा. सूज उतरवणाऱ्या रोजच्या पंपानंतर चूळ भरायची, आणि बरं वाटलं तरी डॉक्टरांना न विचारता तो सोडायचा नाही. हे चिठ्ठीवर लिहून भागत नाही. नर्सबाईंनी समोर ओढवूनच घ्यावं लागतं. अंबाजोगाईला सरकारी रुग्णालय आहे, पण पाचटाच्या नि चुलीच्या धुरात राहणारा तोडणी कामगार कोयता टाकून तिथवर जाणार कधी? गाळप हंगामात कारखान्याने आठवड्यातून एकदा नर्सबाई कोप्यांवर पाठवाव्यात. वार्षिक सभेत आम्ही हा विषय मांडणार आहोत.