खाली उतरण्याची किंमत

म्हातारपणाच्या गप्पा निघाल्या की पेन्शन, औषधं, परदेशातली मुलं हे विषय हमखास येतात. जिन्याचा विषय मात्र कोणी काढत नाही. माझ्या मते सत्तरीनंतर जिना हाच या सगळ्यांत मोठा विषय आहे.

पुण्यात कोथरूड, कर्वेनगर, सिंहगड रस्ता या भागांत पूर्वी ज्या सोसायट्या झाल्या, त्यांतल्या पुष्कळ इमारती तळमजला अधिक तीन मजले, लिफ्ट नाही, अशा आहेत. शिक्षक, बँकवाले, पोस्टातली माणसं यांना कर्ज काढून परवडलं ते हे घर. तेव्हा सगळे पस्तिशी-चाळिशीचे होते, आता पंचाहत्तरीचे आहेत. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या एक बाई गुडघ्यांमुळे कित्येक महिने खाली आलेल्या नाहीत. तशी प्रकृती ठणठणीत आहे. मध्ये चोपन्न पायऱ्या आहेत, एवढंच.

यावर उपाय सांगणारे खूप भेटतात. कोणी म्हणतं, लिफ्ट बसवा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत लिफ्टच्या देखभालीचा खर्च त्या इमारतीतल्या सर्व सभासदांनी सारखा द्यायचा, वापर करोत वा न करोत, असं स्पष्ट लिहिलं आहे. पण मुळात लिफ्ट बसवायलाच जागा आणि पैसा लागतो, आणि 'आम्ही तळमजल्यावर राहतो, आम्ही का द्यायचे?' या प्रश्नावर सभा मोडते. कोणी म्हणतं, पुनर्विकास करा. करावा, पण ऐंशीच्या माणसाने काही वर्षं भाड्याच्या घरात काढायची आणि मग नव्या घरात जायचं, हा हिशेब धाडसाचाच आहे. ज्येष्ठांसाठीच्या खास वसाहती निघाल्या आहेत. त्यांत रुंद दारं, लिफ्ट, कठडे असावेत म्हणून महारेराने २०२४ मध्ये नियमही केले. चांगलं झालं. पण तिथल्या किमती पाहिल्या की निवृत्त शिक्षकाने जाहिरात घडी घालून ठेवावी हे उत्तम. उरला वृद्धाश्रम. स्वतःचं घर असलेल्या, स्वतःचा स्वयंपाक करणाऱ्या बाईने केवळ पायऱ्यांपायी तिथे का जावं?

मला सुचतो तो उपाय अगदी साधा आहे. घरांची अदलाबदल. त्याच सोसायटीत तळमजल्यावर कुठे दवाखाना असतो, कुठे क्लास, कुठे भाड्याने राहणारी तरुण मुलं. त्यांतला एखादा मालक वरचं हवेशीर घर घ्यायला तयार असतोही. शेजार तोच, वाणी तोच, डॉक्टर तोच. दारापुढच्या तीन पायऱ्यांना उतार केला की झालं. एकास बारा हे प्रमाण धरलं तर दीड फूट उंचीला अठरा फूट उतार लागतो. तेवढी जागा दुचाक्या थोड्या सरकवल्या तर बहुतेक ठिकाणी निघते.

मग अडतं कुठे? मुद्रांक शुल्कात. अदलाबदलीला विक्रीइतकंच शुल्क लागतं, आणि दोन घरांपैकी ज्याची किंमत जास्त त्यावर. पुण्यात अधिभार धरून ते साधारण सात टक्के होतं. साठ लाखांच्या घरावर चार लाख वीस हजार! एकही नवी वीट न रचता, नफ्याचा एक रुपया न मिळवता.

आता याच राज्याचा दुसरा नियम पाहा. आई-बापांनी राहतं घर मुलाला किंवा मुलीला बक्षीस दिलं, तर २०१५ पासून मूळ मुद्रांक शुल्क आहे २०० रुपये (स्थानिक अधिभार वेगळा). म्हणजे म्हाताऱ्याने घर देऊन टाकलं तर सवलत, आणि त्याने त्यात सुखाने राहायचं म्हटलं तर दंड! हा उफराटा न्याय आहे.

तत्त्व सरकारला मान्य नाही असंही नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात गृहयोजनांत पाच टक्के आरक्षण आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या शहरी प्रधानमंत्री आवास योजनेत वृद्ध आणि अपंग असलेल्या कुटुंबांना तळमजला किंवा खालचे मजले देताना प्राधान्य द्यावं, असं म्हटलं होतं. मग हेच जुन्या घरांना का नको? माझा एक माजी विद्यार्थी चाकाच्या खुर्चीत असतो. चांगली नोकरी आहे, स्वतःचं घर आहे, पण दुसऱ्या मजल्यावर. स्वतःच्या घरात शिरायला त्याला रोज दोन माणसं लागतात.

सवलतीचा गैरवापर होईल, असं कोणी म्हणेल. अटी घाला ना. वय साठच्या वर किंवा चाळीस टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र, दोन्ही घरं एकाच सोसायटीत, सवलत आयुष्यात एकदाच, आणि पाच वर्षं विक्री नाही. सरकारचं नुकसानही फारसं नाही, कारण आज हे व्यवहार होतच नाहीत, तर बुडणार काय?

सोसायट्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेर होतात. पार्किंग आणि पाण्याची टाकी यांवर वाद घालून झाले की हा विषयही काढावा, ठराव करावा आणि आपल्या आमदारांना पाठवावा. सभा तळमजल्यावर घ्यावी, म्हणजे ज्यांच्याविषयी ठराव आहे त्यांतल्या निदान काही जणांना तरी येता येईल.