गुडघ्याला मर्यादा, मोडलेल्या हाडाला नाही

राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने १६ ऑगस्ट २०१७ रोजी गुडघेरोपणातील कृत्रिम सांध्यांच्या किमतीवर कमाल मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची सरासरी किंमत तोवर १,५८,३२४ रुपये होती. मर्यादा ठरली ५४,७२० रुपये, जीएसटी वगळून. निर्णय स्वागतार्हच होता. मात्र मोडलेली हाडे सांधणाऱ्या प्लेट, स्क्रू आणि रॉड यांचा त्या आदेशात समावेश नव्हता.

वास्तविक संरक्षणाची अधिक गरज याच रुग्णाला आहे. गुडघेरोपण ठरवून होते. चार रुग्णालयांत चौकशी करण्यास, दर ताडून पाहण्यास अवधी मिळतो. मांडीचे हाड मोडून रात्री दाखल झालेल्याच्या नातेवाइकांनी घासाघीस करायची तरी कशी? प्लेट स्टीलची की टायटॅनियमची हे शल्यविशारद ठरवितो, माल बहुधा रुग्णालयामार्फतच येतो आणि घरच्यांच्या हाती पडते ते बिल.

१ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधांच्या व्याख्येत आली. त्यामुळे छापील किंमत बारा महिन्यांत दहा टक्क्यांहून अधिक वाढविता येत नाही. परंतु हे बंधन वाढीवर आहे. मुळात किती किंमत छापायची, यावर नाही. म्हणजे आधीच फुगवलेल्या किमतीला धक्का लागत नाही.

सांध्याची किंमत, ब्रँड व बॅच क्रमांक बिलात स्वतंत्रपणे दाखविण्याची सक्ती २०१७च्या आदेशाने रुग्णालयांवर केली होती. प्लेट-स्क्रूच्या बाबतीत निदान तेवढे करण्यास सरकारला कोणती अडचण आहे?